डिलीट नको, कंस करा

आजोबा वारले तेव्हा मी दहावीत होतो. वारसनोंदीसाठी वडिलांबरोबर मोहोळला तलाठ्याकडे गेलो. फेरफार मंजूर होऊन सातबारा हातात आला तर आजोबांचं नाव तसंच! फक्त त्याला कंस झाला होता आणि जवळ फेरफाराचा नंबर. मला वाटलं, तलाठ्यानं काम अर्धवट टाकलं. आज मी बांधकाम व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, आणि आमच्या बहुतेक एपीआयपेक्षा तो सातबारा शहाणा होता असं माझं ठाम मत झालंय.

हे सॉफ्टवेअर म्हणजे साइटचं अख्खं दप्तर. ठेकेदार, हजेरी, ड्रॉइंग, मोजमापं, बिलं, सगळं त्यात. एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला या दप्तरात हात घालता यावा म्हणून ठेवलेली खिडकी. त्या खिडकीतून एक आयडी आणि ‘डिलीट’ एवढंच पाठवायचं. उत्तर येतं २०४, म्हणजे काम झालं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. कोणी पुसलं, का पुसलं, कोणाला विचारून पुसलं, हे अनेक ठिकाणी कोणी विचारतच नाही.

दोन वर्षांपूर्वी मी अशीच एक स्क्रिप्ट चालवली. एकच ठेकेदार दोन-तीन स्पेलिंगनं नोंदला गेला होता, ते डुप्लिकेट काढायचे होते. चाळीसेक आयडी, चाळीसेक २०४, मी चहा प्यायला खाली. ठेकेदाराच्या नोंदीला त्याच्या मजुरांची हजेरी बांधलेली होती. बाप गेला की पोरंही जावीत अशी सोय कोणीतरी आधीच करून ठेवलेली. तिला कॅस्केड म्हणतात. तीन आठवड्यांनी बिलाच्या वेळी कळलं की काही गँगची चार-चार महिन्यांची हजेरीच नाही. बॅकअप सात दिवसांचेच होते.

बिलाचं भांडण मिटलं असतं, तेवढ्यावर थांबलं नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं लागतं. त्या गँगमधल्या एका सेंट्रिंगवाल्याला नेमका तोच दाखला हवा होता. पोरांच्या शिक्षणाची मदत त्या नोंदणीवर अवलंबून. ऑफिसनं त्याला सांगितलं, सिस्टीममध्ये तुझं नाव दिसत नाही. माणूस उन्हात स्लॅबवर उभा होता, आणि माझ्या एका ओळीनं तो तिथे कधी आलाच नव्हता असं ठरलं. वाचवलं ते मुकादमाच्या लाल वहीनं. तिच्यातही चुका होत्या, पण प्रत्येक चूक एका रेघेनं काटलेली, खालचं नाव वाचता येत होतं.

मुकादमानं हे कुठे शिकलं? सरकारी बांधकामात मोजमाप पुस्तक असतं, साइटवर सगळे त्याला एमबी म्हणतात. त्याच्या पानांना क्रमांक असतात, पान फाडायचं नाही, आकडा खरवडायचा नाही. चुकला तर एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी तारखेसह सही. सातबाऱ्याचंही तसंच. फेरफाराची आधी नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग नोंद मंजूर होते. २०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा कंसाच्या जागी आडवी रेघ आली. नाव तरीही राहिलं. (या दप्तरांत भ्रष्टाचार होत नाही असं मी म्हणत नाहीये. पण निदान नंतर पकडता येतो.)

‘हे नवशिक्यांचे घोळ’ असं सीनियर लोक म्हणतात. मग अटलासियन घ्या, जगभरच्या टीम ज्यांचं जिरा वापरतात ती कंपनी. ५ एप्रिल २०२२ला त्यांना एक जुनं ॲप बंद करायचं होतं. स्क्रिप्टला ॲपऐवजी अख्ख्या साइटचे आयडी दिले गेले. एपीआय दोन्ही प्रकारचे आयडी मुकाट घ्यायचा. त्यात ‘पुसण्यासाठी खूण करा’ आणि ‘कायमचं पुसा’ असे दोन पर्याय होते, चालला दुसरा. ७७५ ग्राहकांच्या साइट गेल्या, काहींना परत मिळायला दोन आठवडे लागले. तिथे बॅकअप होते, तरी.

दुसरा आक्षेप प्रायव्हसीचा, आणि तो खरा आहे. २०२३चा डेटा संरक्षण कायदा माणसाला आपली माहिती पुसायला लावण्याचा हक्क देतो. पण कायद्यानं जे ठेवणं भाग आहे ते ठेवायलाही तोच मुभा देतो. मजुराचा आधार नंबर, फोटो, बोटाचा ठसा गरज संपली की जरूर पुसा. त्यासाठी त्यानं भरलेले दिवस पुसायची गरज नाही. गंमत म्हणजे प्रायव्हसीची आठवण आम्हाला डिलीटचं समर्थन करतानाच होते, ठसे गोळा करताना होत नाही.

तिसरा आक्षेप, डेटाबेस फुगतो. फुगू दे. साइटचे ड्रोन व्हिडिओ ठेवायला जागा आहे आणि हजेरीच्या ओळींना नाही?

म्हणून माझी मागणी साधी आहे. एपीआयच्या डिलीटनं ओळ पुसू नये, तिला कंस करावा: वेळ, करणाऱ्याचं नाव, कारण. कारण रिकामं असेल तर विनंती परत पाठवावी. आधी कोरडी चाचणी सक्तीची, म्हणजे काही न पुसता फक्त सांगायचं की या आयडीसोबत हजेरीच्या इतक्या आणि बिलांच्या इतक्या ओळी जातील. हजेरी किंवा बिल लटकलेलं असेल तर सरळ नकार. कायमचं पुसण्याचा अधिकार वेगळ्या चावीवर, दोन माणसांच्या सहीनं आणि हरकतीची मुदत संपल्यावर. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याकडे ती चावी नसावी. माझ्याकडे तर नकोच.

आमच्याकडे यातली कोरडी चाचणी सुरू झाली. कारणाचा रकाना आला, त्यात लोक ‘टेस्ट’ लिहितात. कॅस्केड बंद करायचं तिकीट मी उघडलं त्याला चौदा महिने झाले. परवाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ते जुनं झालंय म्हणून डिलीट करायला सुचवलं.