पेटंट आहे, यंत्र कुठाय?

मागच्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर चुलतभावाचं स्टेटस. सोनेरी चौकट, मधोमध "अभिनंदन! पेटंट प्रकाशित" आणि खाली आठ जणांची नावं. पहिली पाच सरांची, शेवटची तीन पोरांची. शोध कशाचा? तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा, कापूस वेचणारा रोबोट!

आमचं घर जामनेर तालुक्यातलं, शेत कपाशीचं. म्हणजे हा शोध खरा असेल तर सगळ्यात आधी काका नाचायला हवेत. म्हणून लगेच फोन लावला.

"अरे भारीच! यंत्र कुठाय?"

"दादा, यंत्र अजून बनवायचंय."

"मग पेटंट कशाचं?"

"कल्पनेचं."

आता यात त्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. माझा राग आहे तो या सगळ्या मोजामोजीवर. "प्रकाशित" म्हणजे "मंजूर" नव्हे, हे किती जणांना माहीत असतं? आपल्याकडे कुठलाही अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप छापला जातो. घाई असेल तर फॉर्म ९ भरायचा, २,५०० रुपये द्यायचे, की महिन्याभरात छापून येतो. तोवर त्यात नवीन काही आहे का, ते चालतं का, हे कुणीही तपासलेलं नसतं. त्या परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते आणि त्याचे पैसेही वेगळे. चौकटीतलं ते अभिनंदन म्हणजे पोस्टात पत्र टाकल्याची पावती आहे, पत्राला उत्तर आलेलं नाही!

मग कॉलेजं हे का करतात? एनआयआरएफच्या क्रमवारीत मंजूर पेटंटांबरोबर नुसती प्रकाशित झालेलीही मोजली जाऊ लागली. त्यात २०२१ साली शिक्षणसंस्थांसाठी शुल्क ८० टक्क्यांनी कमी झालं. हेतू चांगलाच होता हो. पण जिथे मोजपट्टी लागते तिथे लोक मोजपट्टीसाठीच काम करतात. (आमच्या हापिसात एकदा बंद केलेल्या बगांची संख्या मोजायला लागले, तेव्हा काय झालं ते विचारू नका.) २०१४-१५ मध्ये देशभरात सुमारे ४३ हजार पेटंट अर्ज आले होते, २०२३-२४ मध्ये ९२ हजारांच्या वर. पेपरात आलं, "नवोन्मेषाची झेप". असेलही. पण काकांच्या बांधावरून काही ती दिसत नाही.

बांधावरून काय दिसतं ते सांगतो. गेल्या हंगामात आमच्याकडे वेचणीला किलोमागे दहा ते बारा रुपये मोजले, म्हणजे क्विंटलला हजार-बाराशे. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये. त्यातून हे गेले, आणि बियाणं, खत, फवारणी अजून बाकीच. वर दिवाळीच्या आसपास सगळ्यांचाच कापूस फुटतो, तेव्हा वेचायला बाया मिळत नाहीत. त्यामुळे वेचणीचं यंत्र ही चैन नाही, खरी गरज आहे.

आणि गंमत म्हणजे तो शोध कधीच लागलाय. टेक्सासच्या जॉन रस्टने १९२८ साली अर्ज केला, १९३३ साली पेटंट मिळालं. सकाळी दवात कापूस बोटांना चिकटतो आणि आजी चरख्याची चाती ओली करायची, हे त्याला आठवलं. म्हणून त्याने यंत्रात ओल्या गुळगुळीत सळ्या फिरवल्या. कापूस त्यांना गुंडाळला जातो आणि मग ओढून काढता येतो. १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या स्टोनव्हिलला त्याने ते चालवून दाखवलं. त्या पेटंटची मुदत १९५० मध्येच संपली. आज गुगल पेटंट्सवर आकृत्यांसकट फुकट वाचता येतं आणि जामनेरच्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याने तसं यंत्र बनवलं तर त्याला कोणी अडवू शकत नाही.

मग का नाही बनवलं कुणी? कारण अडचण कल्पनेची नाहीच. आपली हायब्रीड कपाशी छातीएवढी वाढते, पसरते आणि बोंडं एकदम न फुटता तीन-चार वेचण्यांत फुटतात. यंत्राला हवं बुटकं, एकसारखं झाड, एकदम फुटलेली बोंडं आणि औषध मारून गाळलेली पानं. नाहीतर कापसात एवढा कचरा येतो की जिनिंगवाला भाव पाडतो. शिवाय दोन-चार एकराच्या तुकड्यात ते धूड वळवायचं कुठे? म्हणजे आधी वाण आणि लागवडीचं अंतर बदलायला हवं, मग यंत्र. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत दाट लागवडीवर काम झालंय ते याचसाठी. चौकटीत टाकण्याइतकं ते चकचकीत नाही, एवढंच.

वेचणाऱ्या बायांच्या मजुरीचं काय, हा प्रश्न उरतोच. रस्टलाही तो छळत होता. माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. पण यंत्र करणाऱ्याने निदान त्या बायांशी एकदा बोलावं की नाही?

उलटं उदाहरणही आहे, शेजारच्या गुजरातेतलं. तिकडच्या एका देशी वाणाची बोंडं नीट उमलत नाहीत, घरी आणून बायका-पोरं ती हाताने सोलत बसायची. अहमदाबाद जिल्ह्यातल्या मनसुखभाई पटेलांनी नव्वदच्या दशकात त्यासाठी यंत्र बनवलं. पुढे अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या मदतीने २००३ साली त्याचं अमेरिकन पेटंटही मिळालं. ते आपल्या कापसाला चालणार नाही, पण क्रम बघा. आधी यंत्र, मग पेटंट.

पऱ्हाटीचं तेच. माटुंग्याच्या सिरकॉटने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवायचं तंत्र कधीच सिद्ध केलंय. तरी आमच्याकडे पऱ्हाटी बांधावर पेटते, कारण ती फुसकी, जागा खाणारी. उपटायची, बारीक करायची आणि कारखान्यापर्यंत न्यायची, यातच पैसे संपतात. हा खर्च कमी करणारं साधं जुगाड कुणी केलं तर मी स्वतः स्टेटस ठेवीन.

असो. संध्याकाळी काकांना विचारलं, पोरानं तुम्हाला रोबोटबद्दल काही विचारलं होतं का? काका हसले. म्हणाले, "नाही रे भाऊ. फोटो मागितला होता शेताचा."

मग पुन्हा त्याला फोन केला. म्हटलं, दिवाळीत एक दिवस कंबरेला झोळी बांध आणि बायांबरोबर सकाळपासून कापूस वेच, मग बोलू.

तो म्हणाला, "दादा, दिवाळीत दुसऱ्या पेटंटचं सबमिशन आहे."