गॅस नंतर, आधी व्हॅक्यूम!

शहापूर-मुरबाडच्या गाडीवाल्यांनो, एसीचा गॅस दर उन्हाळ्यात का भरावा लागतो? तो पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. पण काही ठिकाणी दहा मिनिटांत नुसता गॅस मारून पैसे घेतात, हे मी बघतोय. लाइन उघडली की हवा आणि ओल आत जाते, त्यात आपल्याकडचा पावसाळा! पंपाने अर्धा तास ओढून ती काढली नाही तर आत आम्ल तयार होतं, कॉम्प्रेसर जातो. पंप बंद केल्यावर काटा चढला तर लीक किंवा ओल बाकी आहे. जुना आर-१३४ए गॅस तर बिनधास्त हवेत, फुस्स! किलोमागे तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती मान्य केली, हायवेवर कोणाला पत्ता नाही. पुढच्या वेळी गेजचा काटा स्वतः बघा, मगच पैसे द्या.