जिना हाच हिमालय!

पाऊस लागला की मुंब्र्याचा कातळ निसरडा होतो आणि आमच्यासारखे वीकेंड गिर्यारोहक "आता थेट ऑक्टोबर!" म्हणत सोफ्यावर पसरतात. मीही पसरायचो. मग उत्तराखंडात कोर्सला गेलो. बर्फाच्या भिंतीवर दहा मिनिटांत पोटऱ्या शिलाई मशीनसारख्या थडथडायला लागल्या. दंड मात्र शाबूत!

कारण साधं आहे. तिथे भार येतो क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर, म्हणजे पोटऱ्यांवर. त्या थकल्या की टाच वर जाते आणि दात सुटतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला जोडीदार असतो, हे विसरू नका.

म्हणून आता टेंभी नाक्यावरच्या आमच्या बिल्डिंगचा जिना. पायरीच्या कडेवर चवडे, टाच जरा खाली, मिनिटभर स्थिर. मग पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन चार मजले. आइस अ‍ॅक्सच्या पकडीसाठी बारवर टॉवेल टाकून लोंबकळणं. शेजारचे काका विचारतात, "लिफ्ट बंद आहे का रे?"

हसू देत. नाक्यावरची हंडी फोडायला येणारे गोविंदा गुरुपौर्णिमेपासून भर पावसात थर लावतात ना? स्पितीतले धबधबे जानेवारीत गोठतात. तयारी जुलैतच हवी.