कुत्र्याच्या डोळ्यात कोण बघतंय?

मागच्या आठवड्यात मोकाट कुत्र्यांवर पोस्ट टाकली, तर तुम्ही दोन तट पाडून भांडलात. एक तट 'उचला', दुसरा 'खाऊ घाला'. रात्री एका जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "चावण्याच्या पुढं पण लिहा की राव. कुत्र्याच्या डोळ्यात कधी बघितलंय का?"

बैलाच्या डोळ्यात बघितलंय. लहानपणी बैलाचा डोळा गळायला लागला की वडील पापणी उलटून बघायचे. आत पांढरा, दोऱ्यासारखा वळवळणारा जंत. त्याचाच एक भाऊबंद कुत्र्याच्या, लांडग्याच्या, खोकडाच्या डोळ्यात राहतो. (खोकड वेगळं, कोल्हा वेगळा. आमच्या बातम्यांत कायम घोळ होतो, माझ्याही.) हा जंत पसरवणारी माशी चावत नाही. डोळ्यातलं पाणी प्यायला बसते, त्यातून जंताची पिल्लं पोटात घेते, ती तिच्या अंगात वाढतात आणि पुढच्या जनावराच्या डोळ्यात उतरतात. डोळा लाल होतो, चिपडं येतात, दुर्लक्ष झालं तर बुबुळाला जखम होते.

शास्त्रज्ञांनी या जंताची पहिली नोंद केली १९१० साली, आजच्या पाकिस्तानातल्या एका कुत्र्यावरून. म्हणजे मूळचा आपल्याच बाजूचा. युरोपात तो पहिल्यांदा सापडला १९८९ मध्ये, इटलीत. पुढच्या काही वर्षांत दक्षिण इटलीतल्या काही गावांत निम्म्याहून जास्त कुत्र्यांच्या डोळ्यांत तो निघाला. मग खोकडांत, लांडग्यांत, रानमांजरांत, सशांतसुद्धा. तिथून फ्रान्स, स्वित्झर्लंड, स्पेन, पोर्तुगाल. माणसांच्या डोळ्यांतही निघाला. आपल्या देशात हिमाचल, आसाम, कर्नाटकात माणसांच्या डोळ्यांतून हा जंत काढल्याच्या नोंदी आहेत.

आता खरी गोम. कुत्र्याचा इलाज सोपा आहे. डोळा धुऊन जंत काढायचा, औषध द्यायचं. पण खोकडाला कोण धरणार? एकदा जंत रानात गेला की तिथंच मुरतो. तुम्ही कुत्रा बरा करा, पुढच्या हंगामात माशी परत आणून सोडणार. रोग कुत्र्यात आहे तोवरच काय ते हातात असतं.

आणि आपल्या माळावर गावकुत्रं आणि रानातलं जनावर वेगळं राहिलंय का? मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून माळाच्या कडेला टाकतात, तिथं संध्याकाळी कुत्री, पहाटे लांडगे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास संशोधकांनी गावकुत्र्यांचं आणि खोकडांचं रक्त तपासलं होतं. डिस्टेंपर, पार्वोसारख्या विषाणूंची लागण होऊन गेल्याच्या खुणा बहुतेक मोठ्या कुत्र्यांत मिळाल्या, आणि खोकडांतही मिळाल्या. ते जंत नव्हते, मान्य. पण पोतं तेच, माळ तोच.

आमच्या तालुक्याचा दवाखाना गाई-म्हशी, शेळ्यांसाठी. तिथल्या माणसांना दोष देत नाही, एक डॉक्टर किती गावं बघणार? भटकं कुत्रं नगरपालिकेचं, तेही नसबंदीपुरतं. लांडगा वनखात्याचा, तोही मेल्यावर. डोळा कुणाच्याच खात्यात नाही. मला विचाराल तर फार मोठी योजना नकोच. नसबंदीला पकडलेलं कुत्रं बेशुद्ध असतंच, तेव्हा पापणी उलटून बघा आणि वहीत लिहा. हायवेवर मेलेल्या खोकडाचा, लांडग्याचा पंचनामा होतो, तेव्हा त्याचेही डोळे बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि ती कोंबड्यांची पोती बंद करा. ती कोण टाकतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे, मलाही. त्यातले दोघं ही पोस्ट वाचतायत.

गेल्या तीन वर्षांत तालुक्यात मेलेल्या लांडग्या-खोकडांच्या शवविच्छेदनात काय काय तपासलं, हे विचारायला उद्या माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो. तोवर घरच्या कुत्र्याचा डोळा गळत असेल तर काडी, चिमटा घालू नका, डॉक्टरकडं न्या. आणि जंत निघाला तर मला कळवा.