मोडीत निघालेली नाणी

वऱ्हाडात कोणी जुने घर पाडायला घेतले, की शेजारपाजारचे लोक काही ना काही निमित्त काढून तिकडे फिरकतात. भिंतीत हंडा निघेल ही आशा कोणी बोलून दाखवीत नाही. पण कुदळीचा आवाज जरा बदलला, की सगळ्यांच्या माना एकदम वळतात. अचलपुरात तर या आशेला इतिहासाचाच टेकू आहे. महानुभाव ग्रंथांतले अळजपूर, इमादशाहीची राजधानी, इंग्रजी कागदपत्रांतले एलिचपूर, असे हे गाव. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने. अशा ठिकाणी ज्याच्याजवळ चार नाणी होती त्याने ती केव्हा ना केव्हा भुईत पुरलीच असणार. पुरलेले धन आपल्या हाती लागते याचा अर्थ पुरणारा ते काढायला परत आला नाही, एवढे मात्र हंड्याच्या आनंदात कोणाच्या ध्यानात राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आम्हाला चांदीचे एक नाणे आणून दाखविले. आजीच्या गळ्यातले, वर कडी डाखलेली. फारसी लिपी आमच्या आवाक्याबाहेरची. उर्दू शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी भिंगातून पाहून ‘जर्ब एलिचपूर’ एवढी अक्षरे लावली. राजाचे नाव कडीच्या डाखाखाली गेले होते. म्हणजे नाणे इथलेच, याच गावच्या टांकसाळीत पाडलेले. अकबराच्या तांब्याच्या नाण्यांपासून या टांकसाळीचे नाव आढळते. हे एकटेच होते का, असे आम्ही विचारले तेव्हा मुलगा संकोचला. “एका गडव्यात व्हती जी सर. आबानं मोडीत देल्ली, आत्याच्या तोरड्या झाल्या त्याच्यात.”

आबांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. लेकीचे लग्न हे त्यांच्यापुढचे वास्तव होते. आमचे वास्तव पगारी आहे. पण नाणी किती होती, कोणाकोणाची होती, सर्वांत अलीकडचे कोणत्या सालचे होते, हे आता कोणालाही कळणार नाही. संचातल्या शेवटच्या नाण्यावरून तो साधारण केव्हा पुरला गेला ते कळते, आणि त्यावरून त्या वर्षी या मुलखात कशाची भीती होती याचा माग काढता येतो. एकटे नाणे दागिना होऊ शकते. दस्तऐवज असतो तो संच.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या संचाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. क्षहरात नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राने क्षहरातांचा निःपात केल्याचे कोरविले आहे. आईने मुलाची केलेली स्तुती म्हणून ती कोणी बाजूला सारली असती. या नाण्यांनी तिची साक्ष दिली. आपल्या वऱ्हाडातलेच पाहायचे तर मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे (तेव्हा अकोला जिल्हा, आता वाशीम) १९३९ साली सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी निघाली. डॉ. वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी पुराणांच्या राजावळीत नसलेली नावे पुढे आली. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, शिसे, कथिल यांच्या मिश्र धातूची. भंगारवाल्याने पसाभर पैसेही दिले नसते!

आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे. अशा वस्तूंना आजही १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही भुईत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. लपविले तर वर्षापर्यंत कैद. सरकारला ते घ्यायचे असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा, एवढे दिले की झाले. म्हणजे तऱ्हाळ्याच्या तीन अज्ञात राजांची किंमत कायद्याच्या लेखी शिशा-कथिलाची आणि वर चार आणे! चांदी असेल तर जवळपास तेवढे पैसे सराफ देतो आणि चौकशीला बोलावीत नाही. ज्या इंग्रजांनी हा कायदा इथे केला त्यांनी आपल्या घरी १९९६ साली नवा केला. तिथे संग्रहालयाने वस्तू घेतली तर शोधणाऱ्याला बाजारभावाइतके बक्षीस मिळू शकते. आम्ही मात्र दहा रुपयांपाशीच थांबलो.

बाजारभाव दिला की सारे आलबेल, असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका जोडप्याला २०१३ साली कुत्रा फिरविताना पत्र्याच्या आठ डब्यांत १,४२७ सोन्याची नाणी सापडली. जगभर बातमी झाली, नाणी विक्रीला निघाली. पण जागा आणि नावे गुप्त ठेवली गेली. १८५७ च्या वादळात बुडालेले ‘सेंट्रल अमेरिका’ जहाज १९८८ साली शोधणारा गृहस्थ पाचशे नाणी कुठे आहेत हे सांगेना, म्हणून २०१५ साली तुरुंगात गेला. लोभाला देशभाषा नसते. आपल्याकडे तो अधिक भीषण रूप घेतो. गुप्तधनासाठी अघोरी पूजा आणि नरबळी हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून लिहावे लागले, यावरून काय ते समजावे.

मराठीच्या प्राध्यापकांना नाण्यांची एवढी उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमची भाषाही पुरून ठेवलेलीच होती. इथून जवळच्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. खालशाच्या धाडीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले, अशी परंपरा सांगते. पुढे महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीत बंद केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांच्या खटपटीने ती किल्ली हाती आली, तोवर मठांनी त्या जपल्या. चम्मकचे ताम्रपट तर शेत नांगरताना निघाले. त्यांवर या गावाचे चर्मांक हे नाव आणि मधुनदी नोंदलेली आहे. तो ताम्रपट तांबटाकडे गेला असता तर आज तिथे कोणाची तरी घागर असती.

गेल्या दिवाळीआधी आम्ही ओळखीच्या एका सराफांकडे गेलो. मोडीत आलेले जुने नाणे मुशीत टाकण्यापूर्वी त्याचे वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि ते कोणत्या गावाहून आले एवढे तरी टिपून ठेवा, अशी विनंती केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा मागविला आणि म्हणाले, “मोबाइल तर हातातच असतो सर. पण फोटो काढून पाठवू कोणाला?”