मुलांचे नाटक मुलांनीच लिहावे

शेतकरी व कारागीर बंधूंनो, शाळेत नाटक म्हणताच "पोरगं शिकायला धाडलं का तमाशात नाचायला?" असा सवाल होतो. (तमाशास इतके हिणवण्याचे कारण नाही, पण ते असो.) आमचा आक्षेप निराळा आहे. संमेलनात पोरे दुसऱ्याने लिहिलेली भाषणे घोकून म्हणतात. त्यांत विचार त्यांचा नसतो व बोलीही त्यांची नसते.

चौथीच्या मुलांस आम्ही कांद्याच्या लिलावाचा प्रवेश लिहावयास सांगितला. पट्टीतून हमाली किती, तोलाई किती कापली, हे बापास विचारल्यावाचून व्यापाऱ्याच्या तोंडी वाक्य घालता येईना. हिशेब आला, प्रश्न करणे आले. मोठ्याने वाचताना जीभ अडखळली की मूल आपणच ते वाक्य बदली. शेतकऱ्याची बायको मात्र घरच्याच बोलीत बोलली. ती बोली 'अशुद्ध' म्हणून तांबड्या शाईने खोडणारा मास्तर मुलाच्या आईचेच बोलणे खोडतो.

आपल्या माणसांस नाटकात आणणे नवे नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटकात नाडलेल्या कुणबी जोडप्यास रात्रीच्या शाळेपर्यंत नेले. दक्षिणा प्राईज कमिटीने ते नाकारले. छापून निघावयास १९७९ साल उजाडले.

पडदा नको, भाड्याचे पोशाख नकोत. घोंगडी व तराजू पुरे. गुरुजींस एवढेच सांगा, की लेखणी पोरांच्या हाती द्या. आणि खेळ गुरे बांधून झाल्यावर ठेवा, म्हणजे आयांसही येता येईल.