‘हा फक्त तांत्रिक निर्णय आहे’

एक छोटा प्रयोग करून बघा. केवळ मजकुरावर चालणारा, जुन्या वळणाचा एखादा ऑनलाइन खेळ उघडा. अशा खेळांना ‘मड’ म्हणतात, म्हणजे मल्टि-यूझर डंजन. त्यात चित्रं नसतात. पडद्यावर ओळी उमटतात: तुम्ही चौकात उभे आहात, उत्तरेला पूल आहे, विहिरीपाशी आणखी दोघं जण बसले आहेत. तुम्ही ‘नॉर्थ’ टाइप केलंत की पुलावर पोचता. ‘से’ टाइप करून पुढे काही लिहिलंत की ते विहिरीपाशी बसलेल्या दोघांना ऐकू जातं, आणि ते दोघं जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेली खरी माणसं असतात.

आता ‘से’च्या पुढे देवनागरीत ‘नमस्कार’ लिहा आणि एंटर दाबा. अनेक खेळांत उत्तर येईल, ‘से व्हॉट?’ म्हणजे, काय बोलू? तुम्ही बोललात, पण खेळाच्या लेखी तुम्ही तोंडच उघडलं नाहीत.

असं का होतं ते आधी सांगतो. १९९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ नावाचा खेळ लिहिला आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला केला. अट एवढीच, की त्यावर पैसे कमवायचे नाहीत आणि खेळ सुरू होताना आमची नावं दाखवायची. त्या कोडपासून पुढे मोठं घराणं तयार झालं. खेळाडूने टाइप केलेला मजकूर जिथे वाचला जातो, तिथे या घराण्यात एक तपासणी असते: आलेला बाइट अ‍ॅस्की आहे का, आणि छापता येण्याजोगा आहे का? नसेल तर तो गुपचूप टाकून दिला जातो. अ‍ॅस्कीत ० ते १२७ एवढेच क्रमांक आहेत. आज आपण वापरतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं आणि तिन्ही बाइट्स १२७ च्या पुढचे. ‘नमस्कार’मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट्स. एकवीसच्या एकवीस केराच्या टोपलीत.

यात त्या विद्यार्थ्यांचा दोष नाही. यूटीएफ-८ चा जन्मच १९९२ चा. टेलिफोनच्या तारेवरून येणारा कचरा अक्षरं गाळून टाकणारी ती ओळ त्या काळी शहाणपणाचीच होती. माझा प्रश्न त्यांना नाहीच. पुढची तीस वर्षं ती ओळ जपणाऱ्यांना आहे, आणि त्यांत मीही येतो.

पीएचडीच्या काळात, रात्री सिम्युलेशन चालू करून निकालाची वाट बघताना, मी अशाच एका खेळात शिरलो. पुढे त्याचा कोड दुरुस्त करायला लागलो आणि आज तो सांभाळणाऱ्या पाच स्वयंसेवकांपैकी एक आहे. पगार नाही, सुट्टी नाही. सर्व्हर बंद पडला की निरोप येतो आणि दुसऱ्या दिवशी सेमिनार असला तरी उठावं लागतं. तक्रार करत नाही, हौस माझीच. पण या कामात मला एक वाक्य सतत ऐकू आलं आणि मीही ते अनेकदा वापरलं: ‘हा फक्त तांत्रिक निर्णय आहे.’ हे वाक्य आपण सोडून द्यावं, असं माझं मत आहे.

या खेळांच्या इतिहासात ते एकदा जाहीरपणे तपासून झालेलं आहे. पहिला मड एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये लिहायला घेतला आणि मग रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. त्यात पुरेसे गुण मिळवणारा खेळाडू ‘विझर्ड’ व्हायचा आणि त्याच्या हाती इतरांवर चालणारे अधिकार यायचे. जो उत्तम खेळतो तो उत्तम कारभार करेल, हे त्यामागचं गृहीतक. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. उत्तम शोधनिबंध लिहिणारा माणूस उत्तम विभागप्रमुख होईल, असं आपणही धरून चालतो!

नंतर पॅव्हेल कर्टिस या संशोधकाने झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ‘लॅम्डामू’ चालवायला घेतलं. वस्ती वाढली, भांडणं वाढली आणि विझर्ड मंडळी सोडवून सोडवून थकली. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केलं, की यापुढे विझर्ड फक्त यंत्र चालू ठेवतील, समाजाचे प्रश्न समाजाने सोडवावेत. ऐकायला हे किती लोकशाहीवादी वाटतं! १९९३ मध्ये एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णनं सगळ्यांसमोर पडद्यावर आणली. खेळाडूंची सभा भरली, खूप बोलणं झालं, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझर्डने एकट्याच्या जबाबदारीवर ते पात्र काढून टाकलं. मग कर्टिसने विनंतीअर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. तीही पुरली नाही. १९९६ मध्ये विझर्डांनी कबूल केलं, की मधल्या काळातही आमच्या हातून सामाजिक निर्णय होतच होते, ते टाळता येत नाहीत, आणि यापुढे आम्ही ते उघडपणे घेऊ.

मला यातली शेवटची कबुली महत्त्वाची वाटते. चावी ज्याच्या हातात असते तो तटस्थ राहू शकत नाही. दार न उघडणं हाही निर्णयच असतो.

हे मला वाचून कळलं नाही, चूक करून कळलं. काही वर्षांपूर्वी मी आमच्या खेळात नकाशा आणला. प्रत्येक खोलीच्या वर्णनाआधी टिंबं आणि जाळीच्या खुणांनी काढलेला, रंगीत. मला त्याचा फार अभिमान होता. कोणाला विचारलं नाही, कारण हा तर फक्त तांत्रिक बदल. तिसऱ्या दिवशी एका जुन्या खेळाडूचा निरोप आला: ‘माझा संगणक प्रत्येक पावलाला अर्धा मिनिट हॅश हॅश डॉट हॅश म्हणतो. मी आता चालू शकत नाही.’

तो दृष्टिहीन होता आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने खेळायचा. चित्रांच्या खेळांत ज्यांना सहसा जागा नसते, अशा अनेक दृष्टिहीन खेळाडूंचं मड हे हक्काचं ठिकाण आहे, कारण इथे सगळंच मजकूर. तिथे जाऊन मी चित्र लावलं. नकाशा बंद करण्याची सोय करायला मला वीस मिनिटं लागली. पण तो तीन दिवस खेळाबाहेर होता, आणि त्याच्यासारखे किती जण काही न बोलता निघून गेले ते आमच्या कुठल्याच नोंदीत नाही. जो बाहेर पडतो तो तक्रार करायला आत नसतो.

म्हणून गेल्या वर्षी मी ती अ‍ॅस्कीची तपासणी बदलायची ठरवली तेव्हा आधी विचारलं. वाटलं होतं, सगळे हो म्हणतील. आमच्यातल्या सर्वांत जुन्या सहकारी बाईंनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं: ‘इथे कोणी कोणाला छळलं तर आपण संभाषण वाचून निवाडा करतो. देवनागरी आपल्यात फक्त तू वाचतोस. तू झोपलेला असताना कोणी त्या लिपीत एखादीला धमकावलं, तर आम्हाला ते दिसेल, पण कळणार नाही.’

मला राग आला. माझ्या भाषेला दार उघडायला परवानगी का लागावी? पण दोन दिवसांनी मान्य करावं लागलं, की माझीच शिकवण त्या मला ऐकवत होत्या. मी ओळ बदलत होतो आणि त्या विचारत होत्या, की त्यानंतर जबाबदारी कोणाची. ओळ बदलणं सोपं आहे. ती भाषा वाचणारा माणूस पहाऱ्यावर असणं हे खरं काम.

तुम्ही म्हणाल, फुकट राबणाऱ्यांवर एवढं ओझं कशाला? आक्षेप रास्त आहे. पण मी जास्त काम मागत नाही, कामाचा क्रम बदलायला सांगतो. बदल करण्याआधी तो साध्या भाषेत जाहीर करा. त्याने कोणाची वाट अडेल हे त्यांनाच विचारा. आणि कुठलीही चावी एकट्याकडे ठेवू नका, स्वतःकडे तर नाहीच. परदेशातल्या आपल्या मंडळांत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गणपतीची नोंदणी फक्त ऑनलाइन ठेवली की कोणते आजी-आजोबा आरतीला दिसणार नाहीत, हे फॉर्म बनवणाऱ्याने नकळत ठरवलेलं असतं.

आमच्याकडे सध्या तडजोड झाली आहे. खेळातल्या एकाच चावडीवर देवनागरी चालते, तीही मी जागा असेन तेव्हा. सर्वत्र खुली करण्यासाठी बाईंची अट आहे, की मराठी वाचणारा आणखी एक तरी स्वयंसेवक हवा, शक्यतो माझ्यापेक्षा वेगळ्या टाइमझोनमधला. मला ती अट मान्य आहे. कोड मी सहा महिन्यांपूर्वीच लिहून ठेवला आहे. माणूस अजून मिळालेला नाही.